गडचिरोलीत रुजू होण्यापूर्वी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका ग्रामविकास प्रकल्पावर तुमची नेमणूक गडचिरोलीत झाली आहे. जिल्हा होऊन चाळीस वर्षं उलटली, निधी येतो, जंगल आहे, नद्या आहेत, आता लोहखनिजही निघतंय. मग हा जिल्हा अजून मागे का, आणि कामाला लागण्याआधी काय समजून घ्यावं?

मी बावीस वर्षं धानोरा, कोरची आणि एटापल्ली या तालुक्यांत ग्रामसभांसोबत वनहक्क आणि गौण वनोपजाचं (तेंदूपानं, बांबू, मोह) काम केलं. त्यामुळे माझं उत्तर जंगलाच्या बाजूने येणार, हे आधीच सांगतो. धानाचा शेतकरी किंवा आरोग्यसेविका हेच वेगळ्या क्रमाने सांगेल.

आधी नकाशा उघडा. जिल्हा उत्तर-दक्षिण लांब आहे. वरच्या टोकाला कोरची, खालच्या टोकाला सिरोंचा, आणि मुख्यालय गडचिरोली वरच्या अर्ध्यात, पश्चिमेच्या कडेला. मुख्यालयापासून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या वर आहे. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०,७२,९४२, म्हणजे एका चौरस किलोमीटरला ७४ माणसं. तीन चतुर्थांश भूभाग जंगलाखाली. पश्चिमेला वैनगंगा, ती वर्धेला मिळाली की पुढे प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. आग्नेयेला इंद्रावती, तिच्या पलीकडे बस्तर. मधल्या भागात कठाणी, खोब्रागडी, दिना, बांडिया, पर्लकोटा, पामुलगौतम. तीन बाजूंनी मोठं पाणी आणि पोटात लहान नद्यांचं जाळं, असा हा मुलूख आहे.

पाण्याची ही मांडणी नीट समजली तर जिल्ह्याच्या निम्म्या अडचणी आपोआप कळतात. पाऊस साधारण १,४०० मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. इंद्रावती फुगली की बाकी दोघींचं पाणी मागे सरतं, पर्लकोटेवरचा जुना बुटका पूल बुडतो आणि अख्खा तालुका तुटतो. काही वर्षी एकाच पावसाळ्यात हे अनेकदा घडलं आहे. म्हणून इथलं अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका. "पावसाळ्यात जाता येतं का?" हे विचारा. जून ते ऑक्टोबर गावात रेशन कुठून येतं, बाळंतीण कुठे न्यायची, साप चावला तर काय, हे ज्या आराखड्यात नाही, तो कागदावरच राहतो. मी स्वतः एका ऑगस्टमध्ये तापाने फणफणलेल्या पोराला खाटेची कावड करून सात किलोमीटर नेणाऱ्या चौघांसोबत चाललो आहे. मधल्या नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. त्या नाल्यावरचा रपटा (बुटका फरशी-पूल) मंजूर होऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा वाचला, पण त्या दिवसापासून मी 'दुर्गम' हा शब्द सहज वापरत नाही. गावातल्या माणसासाठी त्याचं गाव दुर्गम नसतं, दवाखाना दुर्गम असतो.

दुसरी गोष्ट, ज्याला आपण एक जिल्हा म्हणतो ते प्रत्यक्षात निदान तीन मुलूख आहेत. उत्तर-पश्चिमेचे वडसा (देसाईगंज), आरमोरी आणि गडचिरोली-चामोर्शीचा पट्टा ही झाडीपट्टी: धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं), बोड्या (शेतातली लहान तळी), मालगुजारीच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांच्या काळातले तलाव, झाडीबोली. दिवाळीनंतर इथे रात्र-रात्र नाटकं चालतात आणि वडशाच्या नाटक मंडळ्यांच्या तारखा मिळवायला गावं रांगेत असतात. जिल्ह्यात रेल्वेही वर्षानुवर्षं एवढ्या वडशापुरतीच. तिथून गडचिरोलीपर्यंतच्या ५२ किलोमीटर मार्गाची वाट पाहण्यात एक पिढी गेली. पूर्व आणि मध्यभागी धानोरा, कोरची, एटापल्ली, भामरागड: डोंगर, दाट जंगल, गोंड आणि माडिया गावं, गोटूल (गावाचं एकत्र जमण्याचं घर), घरात माडिया किंवा गोंडी आणि शाळेत मराठी. दक्षिणेला सिरोंचा: गोदावरीचा काठ, घराघरांत तेलुगू, मिरची-कापूस, बाजारहाट पलीकडच्या तेलंगणात. यात मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती धरा; मासळी आणि भाजीपाल्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. एकच योजना, एकच पत्रक, एकच मापदंड या सगळ्यांना लावला की काय होतं ते तुम्ही पहिल्याच वर्षी पाहाल. जिल्ह्याची सरासरी साक्षरता ७४ टक्क्यांच्या घरात दिसते. तो आकडा भामरागडच्या आतल्या गावाबद्दल काहीच सांगत नाही.

अनुसूचित जमातींचं प्रमाण जिल्ह्यात सुमारे ३९ टक्के. म्हणजे बहुसंख्या बिगर-आदिवासी आहे, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. उत्तरेकडच्या ओबीसी तरुणांच्या मनात नोकरभरतीतल्या आरक्षणाची जुनी जखम आहे; वर्ग तीन-चारसाठी त्यांचं प्रमाण एकेकाळी ६ टक्क्यांवर आणलं गेलं होतं. या दोन दुःखांना एकमेकांसमोर उभं करणारे लोक तुम्हाला भेटतील. तुम्ही त्यात पडू नका, पण दोन्हीकडचं ऐकून घ्या.

आता इतिहास. तो मी जुन्या राजवटींच्या यादीने सांगणार नाही. वैरागडचा किल्ला, मार्कंड्याची वैनगंगाकाठची देवळं जरूर बघा. मार्कंड्याला नदी उत्तरेकडे वळते ते वळण पाहण्यासारखं आहे. पण आजचा जिल्हा समजायचा तर जंगल कोणाच्या हातात होतं, एवढा एक धागा धरा.

चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांच्या काळापासून या पूर्व भागात जमीनदाऱ्या होत्या, त्यात अहेरीची सर्वांत मोठी. भोसल्यांचं नागपूर राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८५८ मध्ये मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी आदिवासी आणि रोहिल्यांची फौज उभी करून राजगड परगणा घेतला, इंग्रजांशी लढाया केल्या. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांच्या सोबत होते. अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्या मदतीने इंग्रजांनी त्यांना पकडलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. गावांत ही गोष्ट कालची असल्यासारखी सांगतात. आपल्याच माणसाने आपल्याला धरून दिलं, ही सल तिच्यात आहे; नव्या माणसाकडे गाव सावधपणे बघतं त्याची मुळं अशाही आठवणीत आहेत.

सिरोंच्याची कथा वेगळी. १८६० च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांना दिले आणि सिरोंचा हे 'अप्पर गोदावरी' जिल्ह्याचं मुख्यालय झालं. गोदावरीतून समुद्रापर्यंत कापसाची वाहतूक करायची, असं आर्थर कॉटन यांचं स्वप्न होतं. बंधारे बांधायला घेतले, पैसा ओतला आणि १८७१ मध्ये काम सोडून दिलं. १८७४ ला तो जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं गेलं. आज ते तालुक्याचं गाव आहे. नदीवरचा मोठा प्रकल्प, त्याचा लाभ दुसऱ्याला आणि अर्धवट सोडलेलं काम स्थानिकांच्या वाट्याला, हा प्रकार सिरोंच्याने तेव्हाच पाहिला.

गडचिरोली तहसील १९०५ साली जमीनदाऱ्यांची गावं एकत्र करून तयार झालं. आलापल्लीचा साग नावाजलेला. तो राखीव जंगलात गेला. १९५१ मध्ये जमीनदारी-मालगुजारी संपली. जंगल सरकारचं झालं, तलावही सरकारचे झाले. पूर्वी मालगुजार गावाकडून तलावाची पाळ दुरुस्त करून घ्यायचा; नंतर ते कोणाचंच काम राहिलं नाही. आज त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, माजी मालगुजारीचं संक्षिप्त रूप. अनेकांत निम्म्यावर गाळ आहे. माझं मत विचाराल तर झाडीपट्टीत नवं काही उभारण्याआधी हे तलाव आणि बोड्या दुरुस्त करायला हव्यात, कारण रोवणीनंतर पंधरा दिवस पावसाने दडी मारली की बांधीला भेगा पडतात, आणि शेतकऱ्याला तेव्हा लागतं ते एका पाण्यापुरतं पाणी. मोठी धरणं इथे अडकलेली आहेत. तुलतुली, कारवाफा हे प्रकल्प १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर खोळंबले. दुसऱ्या बाजूला इंद्रावतीवरचं भोपालपट्टणम आणि गोदावरीवरचं इंचमपल्ली ही धरणं झाली असती तर शेकडो गावं बुडाली असती. १९८० च्या दशकात बाबा आमटे आणि आदिवासींनी त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' उभं केलं आणि ती थांबली. एकाच कायद्याने एका गावाचं पाणी अडवलं आणि एकाच चळवळीने दुसऱ्या गावाचं घर वाचवलं, हे दोन्ही खरं आहे. मेडीगड्डा मात्र झालं. तेलंगणाने २०१९ मध्ये सुरू केलेला हा बंधारा सिरोंच्याच्या हद्दीवर आहे. सिंचन पलीकडे आणि इकडच्या काठावरच्या शेतात फुगवट्याचं पाणी. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. त्याच सुमारास, १९८० पासून, प्राणहिता ओलांडून नक्षलवादी दलं आली होती. त्यांना पाय रोवता आले ते तेंदूच्या (विडीच्या पानांच्या) तुटपुंज्या मजुरीमुळे आणि वनखात्याच्या खालच्या माणसांच्या जाचामुळे. कुऱ्हाड दिसली की दंड, कोंबडी, मोहाची बाटली: हे मी म्हाताऱ्यांकडून शंभरदा ऐकलं आहे. पुढच्या चाळीस वर्षांत दोन बंदुकांमध्ये गावं भरडली गेली. खबरी ठरवून मारलेले, कंत्राटी कामावर गेले म्हणून मारलेले, चौकशीला नेलेले, ड्यूटीवर मेलेले तरुण पोलीस, ज्यात इथलीच मुलं होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. लोकांनी सुटकेचा श्वास घेतला, मीही घेतला. पण 'नक्षलवादामुळे विकास झाला नाही' हे वाक्य कोणी तुम्हाला सगळ्याचं उत्तर म्हणून दिलं, तर मान डोलावू नका. रस्ते जाळले गेले, ठेकेदार पळाले, हे खरं. तलावांत गाळ साचला, शिक्षकांची पदं रिकामी राहिली, ते बंदुकीमुळे नव्हे. आता ते कारण हातचं गेलं आहे, आणि प्रशासनाची खरी परीक्षा आता आहे.

जंगलाचा धागा कुठे येऊन पोचला ते सांगतो, कारण तुमचं काम तिथेच असणार. बांबू वर्षानुवर्षं दीर्घ कराराने कागद कारखान्याला जायचा आणि बुरडाला टोपलीपुरत्या बांबूसाठी हात पसरावे लागायचे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या पाचशेच्या आसपास वस्तीच्या गोंड गावाने १९८० च्या दशकातच ठरवलं: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' निर्णय सर्वसहमतीने, मतदान नाही. अभ्यासगट वेगळा, ग्रामसभा वेगळी. गावचे देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्ही ऐकली असतील. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. कायदा झाल्यावर एका पुस्तकासाठी केंद्रातला मंत्री यावा लागतो, यावरून हक्क आणि अंमल यांतलं अंतर मोजा.

आज जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क आहेत, आणि पेसामुळे (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यामुळे) तेंदू-बांबूचा लिलाव ग्रामसभा करू शकतात. तेंदूचा हंगाम एकदा मुक्काम करून बघाच. फेब्रुवारी-मार्चला खुटकटाई (नवी पानं फुटावीत म्हणून झुडपं छाटणं), मग एप्रिल-मेमध्ये पहाटे तीनला बाया-माणसं जंगलात, दुपारी घरी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर (पानं गोळा करण्याच्या जागी) मोजणी. हजार पुड्यांची एक गोणी. पंधरा-वीस दिवसांत घराची वर्षाची रोकड उभी राहते: खत, लग्न, पोराची फी, सगळं त्यावर.

पण इथे आमचीही मोठी चूक झाली. आम्ही ग्रामसभांना कायदा शिकवला, ठराव लिहायला शिकवले. व्यापार शिकवला नाही. ज्या वर्षी भाव आकाशाला भिडले त्या वर्षी माझ्या कामाच्या भागातल्या अकरा ग्रामसभांनी सर्वांत जास्त बोली लावणाऱ्या एका ठेकेदाराला पानं दिली. आगाऊ रक्कम नाममात्र. पुढे बाजार कोसळला, तेंदूवर १८ टक्के जीएसटी लागला होता, ठेकेदाराने माल उचलला आणि उरलेले पैसे बुडवले. करारनामा मीच वाचून दाखवला होता. त्यात बँक हमीची अट नव्हती. दोन वर्षं मी त्या गावांत मान खाली घालून गेलो. एका बाईने एवढंच विचारलं, "भाऊ, पान तर आम्ही बरोबर मोजलं होतं ना?" त्यानंतर आम्ही नियम केला: माल फळीवरून हलण्याआधी किमान निम्मी रक्कम खात्यात, चार-पाच गावांचा लिलाव एकत्र, आणि हिशेब गोटुलात सगळ्यांसमोर वाचायचा. कोरचीकडे ग्रामसभांनी महाग्रामसभा करून एकत्र सौदे केले, ते मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. तुमच्या प्रकल्पात प्रशिक्षणाची तरतूद असेल तर ती हिशेब, करार आणि साठवणुकीवर खर्च करा. 'जागृती' पुरेशी झाली आहे.

सुरजागडबद्दल तुम्हाला विचारलं जाईल. एटापल्ली तालुक्यातला तो लोहखनिजाचा डोंगर आहे, तिथे ठाकूरदेवाची यात्रा भरते, आसपासच्या इलाक्यातल्या पट्टी-पट्टीतून माणसं येतात. आता तिथून खनिज निघतं, कोनसरीला कारखाना उभा राहिला, तरुणांना पगार मिळू लागला. ट्रकांनी रस्ते उखडले, धूळ धानावर बसली, अपघातात माणसं गेली. मी रोजगाराच्या विरोधात नाही. आलापल्लीला बारावी झालेल्या मुलाला पुण्याला वॉचमन म्हणून जाण्यापेक्षा घराजवळ काम मिळावं, असंच मला वाटतं. पण डोंगराखालच्या ग्रामसभेला विचारणं ही पायरी ओलांडून पुढे गेलात तर कितीही पगार वाटला तरी तो राग शमत नाही. आणि खनिज एकदा संपतं. तेंदू दर उन्हाळ्यात फुटतो.

आरोग्याचं थोडक्यात. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांत या जिल्ह्याचा वाटा फार मोठा असतो. सिकलसेल आहे, कुपोषण आहे. पण देशाला शिकवणारं कामही इथेच झालं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत बनवून नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत बालमृत्यूदर हजारी १२१ वरून ३० वर आला, आणि हीच पद्धत पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांपर्यंत गेली. १९९३ ची जिल्ह्याची दारूबंदीही गावांच्या चळवळीतून आली. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून आहे. या सगळ्यांत एक सारखेपणा दिसेल: काम करणारी व्यक्ती गावात राहणारी आहे, पावसाळ्यातही. 'भेट' देणाऱ्यांनी इथे फारसं काही उभं केलेलं नाही.

शाळेबद्दल एकच. सहा वर्षांचं माडिया मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला मराठी येत नाही, आणि बाहेरून आलेल्या गुरुजींना माडिया येत नाही. दोघेही वर्षभर एकमेकांकडे पाहत राहतात. आपण त्याला 'गळती' म्हणतो. तुम्ही पहिल्या सहा महिन्यांत निदान दोनशे माडिया किंवा गोंडी शब्द शिका. गायता (गावचा पुजारी) किंवा पाटलाकडे बसून शिकलात तर त्यातच तुमची ओळखही होईल.

अजून एक नवी गोष्ट: २०२१ पासून ओडिशा-छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात आला आहे, आणि वडसा-आरमोरीकडे वाघांचे हल्ले वाढले आहेत. मोहफुलं वेचायला पहाटे जाणाऱ्या बायकांना हा रोजचा प्रश्न आहे. तुमच्या बैठकांच्या वेळा ठरवताना तो लक्षात असू द्या; अंधार पडल्यावर बाया परतू नयेत.

शेवटी कामाचं. पहिल्या तीन महिन्यांत एकही प्रस्ताव लिहू नका. एक गाव झाडीपट्टीतलं, एक डोंगरातलं, एक सिरोंच्याकडचं निवडा आणि प्रत्येकात आठवडाभर राहा. ग्रामसभेचं ठराव-वहीचं पहिलं पान मागा आणि शेवटचं पान मागा. आविका (आदिवासी विविध कार्यकारी सहकारी) संस्थेच्या धान खरेदी केंद्रावर एक दिवस उभे राहा. पोती उघड्यावर किती दिवस भिजतात ते मोजा. आणि शक्य असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत भामरागडला पोचा, सोबत दोन महिन्यांचं सामान, मच्छरदाणी आणि जाड तळव्याचे बूट ठेवा. पर्लकोटा चढली की आठ-दहा दिवस तुम्हाला बाहेर पडता येणार नाही. तेवढे दिवस तिथेच काढा, आणि मग मला पुन्हा लिहा.